साहित्यसिद्धांताचा पेपर डोक्यावरून जातोय, कुठून सुरू करू?

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी. बीकॉम होऊन सहा वर्षं नोकरी केली आणि आता हौसेने एमए मराठीला अ‍ॅडमिशन घेतलीये. कथा-कविता ठीक चाललंय पण साहित्यसिद्धांत म्हणजे नुसते बाउन्सर. चिन्हक, चिन्हित, संरचना, विरचना... लेक्चरला सगळे माना डोलावतात म्हणून मीही डोलावते. झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स घेतल्या, त्यात "भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या मते भाषा ही भेदांची व्यवस्था आहे" हे वाक्य तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा पुढे काहीच नाही. वाचायला वेळ मिळतो तो लोकलमधला, तोही सीट मिळाली तर. आणि खरं सांगा, एवढं करून कविता जास्त कळते का?

कलिना_माजी
लोकलमध्ये बसून सोस्यूर कळत नाही म्हणताय म्हणजे कमाल आहे, त्याने स्वतःच ट्रेनचं उदाहरण दिलंय! जिनिव्हाहून रोज रात्री पॅरिसला सुटणारी एक्सप्रेस. आपण म्हणतो ही कालचीच गाडी, पण इंजिन, डबे, स्टाफ सगळं वेगळं असू शकतं. मग ती तीच कशी? टाइमटेबलात तिची जी जागा आहे त्यामुळे. आता तुमची ८.०५ घ्या, ती येते ८.१४ ला, रोज वेगळा रेक, तरी अख्खा प्लॅटफॉर्म तिला ८.०५ च म्हणतो, कारण ती ७.५८ नाही आणि ८.११ पण नाही. शब्दाचंही तसंच, असं त्याचं म्हणणं. आणि नोट्सना नावं ठेवू नका हो, सोस्यूर १९१३ ला गेला, त्याच्या नावाचं पुस्तक आलं १९१६ ला, ते त्याने लिहिलेलंच नाही, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून इतरांनी तयार केलं. ती पोरं वर्गात झोपत नसावीत एवढंच.
गाइडं बाजूला ठेवा, मूळ लेखकाची पाच-सहा पानं वाचा. फ्रेंच समीक्षक बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा (म्हणजे अर्थ लेखकाच्या हेतूने नाही, वाचणाऱ्याकडे ठरतो) १९६७ चा निबंध छोटासाच आहे, घाटकोपर यायच्या आत संपतो. मग 'तुका म्हणे' मधला तुका कोण, लिहिणारा की अभंगात बोलणारा, ते स्वतःला विचारा. मी दोन आठवडे तिथेच अडकलो होतो.

माहीमचा_हलवा
वरचं पटलं, पण सगळे धावत पॅरिसलाच का जातात? गाडीतच बसलाय तर "दादरला अख्खा डबा उतरला" हे वाक्य घ्या ना. डबा कुठे उतरतो, माणसं उतरतात, म्हणजे मुख्यार्थ अडला, मग आली लक्षणा. पण बाई हे शेजारणीला का सांगते? जागा झालीये, सरक. ही व्यंजना. संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण 'गंगायां घोषः', गंगेवर गवळीवाडा, म्हणजे काठावर, आणि सुचतं काय तर तिथला गारवा, पावित्र्य. या सुचण्यावरच आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ध्वनिसिद्धांत उभा केला.
कविता जास्त कळते का ते काय सांगू, पण एखाद्या ओळीशी अडखळले तर हल्ली आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत नाही.

नाव_नको
रस, ध्वनी, सोस्यूर सगळं ठीक. पण रससिद्धांत ज्याला 'सहृदय' म्हणतो, तो कवितेतून आनंद घेणारा वाचक म्हणजे नेमका कोण, हे कोणी विचारत नाही. शरणकुमार लिंबाळेंचं 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' आधी वाचा. वाचणाऱ्याने अस्वस्थ व्हावं म्हणूनच जे लिहिलंय त्याला आनंदाची फूटपट्टी कशी लावणार? मी मुद्दाम उलटं वाचलं, आधी लिंबाळे मग रससिद्धांत, आणि पहिल्यांदा या विषयाशी भांडायला मजा आली.

डोंबिवलीकरीण
थँक्यू सगळ्यांना. ८.०५ चं आज आमच्या डब्यातल्या ग्रुपला सांगितलं. एक जण म्हणाली, आणि कॅन्सल होते तेव्हा गं? तेव्हाही आम्ही शिव्या ८.०५ लाच घालतो, म्हणजे गाडी नसूनही ती आहेच की! हे सोस्यूरमध्ये बसतं का?

कलिना_माजी
बसतं की. चौथ्या सीटवर, पण बसतं.