जिम रीव्हजची जुनी एलपी आणि नवी सीडी: तेच गाणं वेगळं का वाजतंय?

खडखड_रेकॉर्ड यांनी विचारलंय:

मंडळी एक शंका आहे, हसू नका. बाबा भुसावळला रेल्वेत होते, लोको शेडला. शेजारच्या क्वार्टरमधले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा घरातलं सामान वाटून गेले, आमच्या वाट्याला एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि जिम रीव्हज या अमेरिकन कंट्री गायकाची एक एलपी आली. कोलकात्याजवळच्या दमदमला छापलेली, मागं ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया लिहिलेलं आहे. बाबांना इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही पण हा आवाज त्यांना असा काही लागला की रविवारी दाढी करताना हाच पाहिजे. त्यातलं ते ‘ही’ल हॅव टू गो’, म्हणजे बारमधून फोनवर बाईशी हळू आवाजात बोलणारं, ते तर आम्हा पोरांना पण पाठ, शब्द चुकीचे असतील पण पाठ.

आता ती एलपी इतकी घासलीय की भजी तळल्यासारखा आवाज येतो. म्हणून बाबांच्या पंच्याहत्तरीला मी ऑनलाइन एक सीडी मागवली, कव्हर झकास, वर ‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं. लावली. बाबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, हा तो नव्हे. मी म्हटलं अहो बाबा तोच आहे, नाव वाचा. तर म्हणे आवाज त्याचा आहे, गाणं त्याचं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं, मागं व्हायोलिनांचा पूर आलाय आणि ड्रम उगाच ठेचतोय, आमच्या एलपीत मागं जवळजवळ काहीच नाहीये, नुसतं टिंग टिंग.

हे रीमास्टर म्हणजे असंच असतं का? आणि मूळ गाणं हवं असेल तर काय घ्यावं? बजेट दोन-तीन हजार. टर्नटेबल चालू आहे, सीडी प्लेअर पण आहे.

टेपचा_किडा:

तुमच्या बाबांचे कान सलामत राहोत. शंभर टक्के बरोबर आहेत ते.

रीमास्टर म्हणजे तीच टेप पुन्हा स्वच्छ करून, आवाजाची पातळी वगैरे नीट करून काढणं, त्यात नवीन वाद्य येत नाही. तुमच्याकडं आलंय ते ओव्हरडब. गायकाचा आवाज जुना, बाकी वऱ्हाड नवीन.

जिम रीव्हज ३१ जुलै १९६४ ला गेला, स्वतःचं छोटं विमान चालवत होता, नॅशव्हिलजवळ वादळात सापडलं. जेमतेम चाळीस वर्षांचा होता. पण त्याच्या टेपा भरपूर पडलेल्या आणि लोकांची मागणी काही थांबेना, मग आरसीए ही त्याची रेकॉर्ड कंपनी आणि त्याची बायको मेरी रीव्हज मिळून वर्षानुवर्षं नवीन नवीन रेकॉर्डी काढत राहिले. काही डेमो होते, म्हणजे नमुन्यादाखल केलेली कच्ची रेकॉर्डिंग, नुसती गिटार आणि आवाज, त्यावर मागाहून ऑर्केस्ट्रा चढवला. नंतर नंतर तर जी गाणी आधीच पूर्ण होती त्यांना पण ‘आजच्या काळाला शोभेल’ अशी साथ लावली. १९७९ ला डेबोरा ॲलन नावाच्या गायिकेबरोबर त्याची ड्युएट आली, तो जाऊन पंधरा वर्षं झालेली. १९८१ ला पॅट्सी क्लाइन या गायिकेबरोबर, म्हणजे ती पण १९६३ ला विमान अपघातातच गेलेली, दोघंही हयात नाहीत आणि ड्युएट हिट! हे जमलं कारण तेव्हा स्टुडिओत तीन ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्डिंग व्हायचं, त्यातून गायकाचा आवाज उचलून घेता आला.

आता तुमचं गाणं. ऑक्टोबर १९५९ मधलं नॅशव्हिलचं रेकॉर्डिंग, निर्माता चेट ॲटकिन्स. पियानोवर फ्लॉइड क्रॅमर, मागं अनिता कर सिंगर्सचा कोरस, आणि ते तुमचं टिंग टिंग म्हणजे व्हायब्राफोन, धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवतात ते वाद्य. व्हायोलिन नाहीत. कंट्री म्हटलं की जी फिडल आणि स्टील गिटार येते ती पण मुद्दाम ठेवली नाही. आणि हा माणूस आधी रेडिओवर निवेदक होता त्यामुळं माइकला अगदी चिकटून, कुजबुजल्यासारखा गायचा. गाण्यात फोन आहे ना, म्हणून ती मागची रिकामी जागाच महत्त्वाची. तिथं व्हायोलिन भरली की तो फोनवर बोलतोय असं वाटतच नाही, लग्नाच्या हॉलमध्ये उभा आहे असं वाटतं.

सीडीच्या मागं सगळ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा आणि इथं सांगा.

मडगावकर:

किडाभाऊंची माहिती एक नंबर पण ओव्हरडबला सरसकट शिव्या नका देऊ राव. ‘डिस्टंट ड्रम्स’ कोणाला आवडत नाही? ते मूळचं डेमोच होतं, गाणं लिहिणाऱ्या सिंडी वॉकरसाठी नुसतं गाऊन ठेवलेलं, वाद्यं सगळी तो गेल्यावर चढवली, आणि १९६६ ला इंग्लंडात पाच आठवडे एक नंबरला होतं. म्हणजे बीटल्सच्या राज्यात हां.

आमच्याकडं आईच्या माहेरी ख्रिसमसला जिम रीव्हज लागला नाही तर पाहुण्यांना चुकल्यासारखं वाटायचं. मामा सकाळपासून दोदोल (आमची ख्रिसमसची मिठाई) ढवळायला बसायचा आणि आम्ही रेकॉर्ड पालटायची, हे ठरलेलं काम. तिथं कोण बघतोय व्हायोलिन नंतर चढवलं का आधी.

पण हो, आधीच पूर्ण झालेल्या गाण्यावर परत थर देणं हे मलाही पटत नाही. डेमोचं ठीक आहे, तिथं निदान काहीतरी कमी होतं.

डॅलसकर:

इथं टेक्सासात हा माणूस आमच्या गाववाल्यांचाच, कार्थेज नावाच्या गावाजवळ त्याची समाधी आहे, शेजारी त्याच्या कुत्र्याची पण आहे. गेलो होतो एकदा, पूर्ण पुतळाबितळा.

खरेदीचं सांगतो. सगळ्यात शाही म्हणजे जर्मनीच्या बेअर फॅमिली कंपनीचा बॉक्स सेट, १९९४ चा, १६ सीडी आणि सोबत जाडजूड पुस्तक. या लोकांचा धंदाच जुनी कंट्री गाणी मूळ टेपपर्यंत जाऊन काढायचा. पण तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर, आणि बाबांना १६ सीडी नकोच आहेत, त्यांना एक दाढी होईपर्यंतचं पाहिजे.

स्वस्तातला मार्ग म्हणजे युरोपातल्या छोट्या कंपन्या चार-चार जुने अल्बम दोन सीडीत कोंबून विकतात ते. तिकडच्या कायद्यानं १९६२ पर्यंत आलेली रेकॉर्डिंग्ज हक्कमुक्त झालीत, पुढच्यांना सत्तर वर्षं. आपल्या भारतात साठ वर्षांचा हिशोब आहे. तर हे लोक मूळ टेप आणत नाहीत, कुठल्यातरी जुन्या सीडीवरून किंवा चांगल्या एलपीवरून उतरवतात, पुस्तिका म्हणजे एक घडी घातलेला कागद. पण गंमत अशी की जुनं फुकटात मिळतं म्हणून ते जुनंच घेतात! नंतरच्या ओव्हरडबचे हक्क अजून चालू आहेत ना. म्हणून तुमच्या कामाला हीच भिकार दिसणारी सीडी जास्त बरोबर. नाव ‘बेस्ट ऑफ’ नको, १९६० च्या अल्बमचं नाव बघा, ‘ही’ल हॅव टू गो’ याच नावाचा आहे.

नवीन व्हायनलच्या, म्हणजे हल्ली नव्यानं छापतात त्या एलपींच्या, नादाला लागू नका. जाड प्लास्टिक आणि वर स्टिकर म्हणजे टेपवरून काढलं असं नसतं, बरंच काही डिजिटल फायलीवरूनच छापतात. त्यात वाईट काही नाही पण मग अडीच हजार कशाला.

सुईवाली:

जुनीच एलपी शोधणार असाल तर एक टीप. अमेरिकन आरसीएच्या नंबराआधी एलपीएम असेल तर मोनो, एलएसपी असेल तर स्टिरिओ. पण एलएसपीनंतर कंसात बारीक ई दिसला तर सरळ खाली ठेवा. तो नकली स्टिरिओ, मोनो रेकॉर्डिंगचे दोन तुकडे करून एका कानात जाड एका कानात पातळ आवाज. मी मुंबईच्या चोर बाजारातून अशी एक हौसेनं आणली होती, विहिरीत बसून गातोय असं वाटायचं.

आणि आधी आहे ती एलपी धुवा हो! कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, चकतीच्या दिशेनं गोल फिरवायचा, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. अर्धी भजी धूळच असते. सुई कधी बदललीत?

फोल्सम६८:

अवांतर होईल पण ओव्हरडबवरून आठवलं. जॉनी कॅश या कंट्री गायकाचा फोल्सम जेलमध्ये कैद्यांसमोर गायलेला १९६८ चा अल्बम ऐकलाय ना? त्यात रेनोमध्ये माणूस मारला ही ओळ येते आणि कैदी आरडाओरडा करतात, अंगावर काटा येतो. तो आरडाओरडा मागाहून जोडलाय! खरे कैदी गपगार होते, पहारेकऱ्यांसमोर कोण टाळी देणार खुनाला. २००८ च्या रीइश्यूत, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्तीत, त्या दिवसाचे दोन्ही शो पूर्ण आलेत. मला विचाराल तर रीइश्यूचा खरा उपयोग हा, नुसता आवाज मोठा करण्यात काय अर्थ आहे.

हँक विल्यम्स या जुन्या कंट्री गायकाचं पण तेच, तो १९५३ ला गेला आणि १९६६ ला कंपनीनं त्याच्या गाण्यांवर व्हायोलिन चढवून अख्खा अल्बम काढला. हँक विल्यम्सवर! मिसळीवर चीज.

टेपचा_किडा:

@फोल्सम६८ मिसळीवर चीज आमच्या पुण्यात सर्रास मिळतं आता, जखमेवर मीठ चोळू नका.

खडखड_रेकॉर्ड:

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट देतो.

भिंगानं वाचलं. पुठ्ठ्याच्या घडीत, बारकोडच्या खाली, १९८० नंतरचं साल आणि जादा साथ नंतर रेकॉर्ड केली अशी एक ओळ. पुढं मात्र एवढ्या मोठ्या अक्षरात ‘ओरिजिनल हिट्स’. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की प्लास्टिक फाडलं की परत घेत नाही. बरं.

सुईवाली ताई, एलपी धुतली. पाणी चहासारखं निघालं, खोटं नाही सांगत. भजी बरीच कमी झालीत, आता फोडणीएवढाच आवाज आहे. सुई बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ‘आत्ताच’ बदललीय, म्हणजे २००३. नवीन मागवलीय.

आणि डॅलसकर म्हणाले तसली चार-अल्बमवाली सीडी सातशेला मिळाली, कव्हर खरंच भिकार आहे, फोटो पण दुसऱ्याच कुणाचा असावा असा. रविवारी काही न बोलता लावली. बाबा साबण लावत होते, ब्रश तसाच हातात धरून उभे राहिले, मग म्हणाले, हं, हा आहे. आणि आवाज थोडा कमी कर म्हणाले, तो ओरडत नाही गाताना.

ती व्हायोलिनवाली सीडी आता इथं पडून आहे. मडगावकर, तुम्हाला चालत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टानं पाठवतो, पैसे नकोत.

मडगावकर:

पाठवा पाठवा. मामाला ड्रम आवडतात.