वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगात सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एका वितरकाकडे अतिदक्षता विभागातील उपकरणांची विक्री करायची असून तेथे पगार आणि इन्सेन्टिव्ह दोन्ही चांगले आहेत. दुसरी जागा पुण्याजवळ व्हेंटिलेटर बनवणाऱ्या लहान कारखान्यात, क्वालिटी विभागात आहे; पगार बराच कमी आहे आणि घरच्यांना ते नुसते कागदपत्रे सांभाळण्याचे काम वाटते. मला पुढे डिझाइनमध्ये जायचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी चौदा वर्षे क्वालिटी आणि रेग्युलेटरीचेच (सरकारी नियम व परवान्यांचे) काम करत आलो आहे, हे लक्षात घेऊन माझे मत वाचावे. डिझाइनमध्ये जायचे असेल तर कारखान्याची जागा घ्या. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए (सर्वात कमी) ते डी (सर्वाधिक) असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गांचा उत्पादन परवाना राज्याकडून मिळतो, तर सी आणि डी वर्गांचा केंद्राच्या सीडीएससीओकडून (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था). सी आणि डी वर्गांतील सर्व उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला आहे. व्हेंटिलेटर सी वर्गात मोडतो, म्हणजे केंद्राच्या तपासणीसाठी फाइल कशी उभी राहते हे तुम्हाला आतून पाहता येईल.

त्या फाइलचा गाभा म्हणजे आयएसओ १४९७१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केलेले जोखीम व्यवस्थापन. नळी निसटली, वीज गेली, अलार्म कोणी बंद करून ठेवला, अशा प्रत्येक शक्यतेत रुग्णाला काय इजा होईल आणि ती कशी टाळायची, याची नोंद तेथे करावी लागते. उपायांचा क्रमही ठरलेला आहे: आधी रचनाच सुरक्षित करायची, ते जमत नसेल तर अलार्मसारखे संरक्षण द्यायचे, आणि माहितीपुस्तिकेतील सूचना हा शेवटचा उपाय. घरच्यांना हे अवश्य सांगा, कारण ज्याला ते कागद म्हणतात तेच खरे डिझाइन आहे.

प्रतिसाद २

मी रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात काम करते. वरील मताशी मी सहमत आहे, परंतु विक्रीचे काम कमी लेखू नये. हातमोजे घातलेली परिचारिका रात्री तीन वाजता पडद्यावरचे कोणते बटण चुकून दाबते, हे विक्रीतील माणूस प्रत्यक्ष पाहतो आणि कारखान्यातील माणसाला ते तक्रारीच्या अर्जावरूनच कळते. म्हणून होकार देण्यापूर्वी कारखान्याला दोन गोष्टी विचारा: तक्रारींच्या तपासासाठी तुम्हाला रुग्णालयात पाठवतील का, आणि डिझाइन रिव्ह्यूच्या (रचनेच्या आढाव्याच्या) बैठकीत बसू देतील का? दोन्हींना नकार मिळाला, तर मात्र कमी पगारावर ती जागा घेऊ नका.