नांदूर मधमेश्वर: पाणपक्षी आणि झाडीतले पक्षी एकाच सकाळी साधतील का?

प्रश्न
डिसेंबरअखेर वडिलांना घेऊन नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर अभयारण्यात जायचे आहे. बदके दिसतीलच, पण वडिलांना हळद्या, तांबट असे झाडीतले पक्षी अधिक प्रिय आहेत आणि त्यांना फार चालवत नाही. सकाळची आखणी कशी करावी?

प्रतिसाद १
उजाडताच चापडगावचा निरीक्षण मनोरा गाठावा. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे शंभराहून अधिक वर्षे गाळ साचत आला आणि त्यातूनच इथली बेटे, दलदल व उथळ पाणी तयार झाले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील हे पहिले पाणथळ. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरच्या थव्यात थापट्या बदक कोणते व तलवार बदक कोणते, हे दुर्बिणीतूनही सांगता येत नाही. झाडी त्यानंतर पाहावी.

प्रतिसाद २
वडिलांची आवड लक्षात घेता मी नेमके उलट सुचवेन. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. त्या दिवसांत पहाटे पाण्यावर बहुधा धुके असते आणि मनोऱ्यावरून पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही. बदके दुपारीही पाण्यातच असतात, झाडीतले पक्षी मात्र पहिल्या दोन तासांनंतर गप्प होतात. काठच्या बाभळी, चिंचा, करंज यांच्याजवळ एका जागी बसून राहिले तरी पुरे. तांबट हिवाळ्यात फारसा बोलत नाही. तो उंच वाळक्या फांदीवर कोवळे ऊन खात बसलेला शोधावा.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रतिसादाशी सहमत. धुके नसेल तर मात्र क्रम बदलावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निघण्यापूर्वी अभयारण्यातील स्थानिक मार्गदर्शकाला पाण्याची पातळी विचारावी. कालव्यांना आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडले जाणारे पाणी) सुटून पाणी उतरले की चिखल उघडा पडतो आणि तुतवारांसारखे चिखलात चरणारे पक्षी काठाशी येतात. पाणी भरलेले असेल तर ते पांगतात आणि बदकांवरच समाधान मानावे लागते. जांभळी पाणकोंबडी मात्र काठच्या गवतात जवळून दिसू शकते: पाणवनस्पतीचा देठ पायाच्या लांब बोटांत धरून ती तो सोलून खाते, आणि ते पाहायला वडिलांना चालावे लागणार नाही. रविवार शक्यतो टाळावा, गर्दी फार असते.