‘शाश्वत स्थळ नियोजन’ला दुसरा शब्द आहे का?

प्रश्न: सोसायटीच्या पुनर्विकासाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘सस्टेनेबल साइट प्लॅनिंग’ला ‘शाश्वत स्थळ नियोजन’ लिहिलं, तर आमचे एक काका म्हणाले, “स्मशानभूमीचं काम निघालंय का?”

प्रतिसाद १: काका बरोबर आहेत! गीतेत ‘शाश्वत’ आहे तो आत्मा. १९८७च्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड अहवालात ‘सस्टेनेबल’चा अर्थ वेगळा: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजची गरज भागवणं. म्हणजे बियाणं राखून जेवणं. ‘टिकाऊ’ चपलेला शोभतो. पण ‘शाश्वत विकास’ आता रुळलाय, तो राहू द्या. खटकतंय ते ‘स्थळ’. वधूवर सूचक मंडळाचं पत्रक वाटेल.

प्रतिसाद २: साइटला गवंड्यापासून इंजिनीअरपर्यंत सगळे ‘साइट’च म्हणतात. ले-आऊटला सरकारी कागदांत ‘अभिन्यास’ किंवा ‘रेखांकन’. मला दुसरा आवडतो. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, त्याचा ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ तर झकासच, चटई अंथरल्यासारखी जागा दिसते.

पण मोठा शब्द हवाच कशाला? काय करणार ते लिहा. १,००० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०,००० लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजारी टँकर पाच. ते गटारात सोडणार की आवारात जिरवणार? महाराष्ट्रात मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी ४,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती बहुतेक वेळा कुठेच न बसलेला तिकोना तुकडा असतो. उताराच्या खालच्या अंगाला ठेवली आणि फरशी घातली नाही, तर बाग आणि शोषखड्डा दोन्ही तिथेच होतात.

प्रश्नकर्ता: ‘जिरवणे’ की ‘मुरवणे’?

प्रतिसाद १: ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’मुळे ‘जिरवणे’ सगळ्यांना कळतं. पण जिरवतात ती खोडही. मुरण्याला वेळ लागतो, लोणच्यासारखा. खाली काळी माती असेल तर फारच. मी ‘मुरवणे’ घेईन.

प्रश्नकर्ता: “पावसाचं पाणी आवारातच मुरवणारं रेखांकन” असं केलं. काकांना दाखवलं. म्हणाले, “बिल्डरच्या पत्रकात पाणी मुरतंय हे छापून कशाला सांगता?”

प्रतिसाद २: मग ‘जिरवणारं’ करा.