सल्ला हवा: क्लबच्या बैठकीत पत्त्यांचा कोणता खेळ दाखवू?

किलवर_गुलाम: आमच्या हौशी जादूगारांच्या क्लबात पुढच्या बैठकीला माझी पाळी आहे. आधी खेळ करून दाखवायचा, मग कसा केला ते सगळ्यांना शिकवायचं, अशी पद्धत. पंचाईत अशी की समोर बसलेले सगळे जाणकार. दोन पत्ते एक म्हणून उचलले की लगेच ओळखतात, आणि माझी हातचलाखी बेताचीच. एकवीस पत्त्यांचा खेळ सोडून काहीतरी सुचवा. तिसऱ्या वाटपानंतर पत्ता अकरावा येतो हे आता शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

बदाम_सत्ती: हातचलाखी जिथे लागतच नाही तिथे त्यांना पकडायला काही उरत नाही. गणिती आणि जादूगार नॉर्मन गिलब्रेथचं तत्त्व वापरा, १९५८ चं आहे. घरूनच कॅट एक लाल, एक काळा असा लावून न्या. बैठकीत कुणालाही हवा तितका काटू द्या. मग त्यानेच साधारण अर्धे पत्ते एकेक करून टेबलावर पालथे मोजून ठेवायचे. त्यामुळे त्या ढिगाचा क्रम उलटा होतो, सगळी गोम तिथेच आहे. आता दोन्ही ढीग एकमेकांत घुसवून एकदाच पिसायला सांगा. पिसणारा कितीही अडाणी असू दे, कुठे दोन पत्ते पडोत, कुठे पाच. वरून दोन-दोन पत्ते काढत गेलात की प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळा!
पिसताना तुम्ही खुर्चीला टेकून बसा. हात लांब राहिले की जाणकार जास्त गोंधळतात.

किलवर_गुलाम: हे आवडलं. पण पिसून झाल्यावर कुणी "आता मी काटतो" म्हणाला तर? आमच्याकडे तसा एक हमखास आहे.

बदाम_सत्ती: काटू दे. मग पत्ते सुलटे पसरा, "बघा, पार विस्कटले की नाही" म्हणा आणि एकाच रंगाचे दोन शेजारी शोधा. जोडीत दोन रंग असणारच, म्हणजे तसे शेजारी नेहमी दोन जोड्यांच्या मधल्या फटीवर येतात. आवरताना सहज तिथे काटा, झालं.
शिकवताना पुढची पायरीही सांगा: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असा क्रम शेवटपर्यंत लावला, तर तसंच मोजून-पिसून प्रत्येक चार पत्त्यांत चारही रंग मिळतात.

दश्शीवर_दुर्री: मी सत्तावीस पत्त्यांचा खेळ सुचवेन. समोरच्याने मनात एक पत्ता धरायचा आणि १ ते २७ मधला आकडा सांगायचा, त्याचा पत्ता नेमका तितकावा निघतो. पत्ते सुलटे तीन ढिगांत वाटायचे, त्याने आपला पत्ता कोणत्या ढिगात ते सांगायचं, मग ढीग गोळा करायचे; असं तीनदा. आकड्यातून एक वजा करा आणि नऊ, तीन, एक अशी फोड करा. १५ म्हटलं तर १४, म्हणजे एक नऊ, एक तीन, दोन एक. ढीग गोळा करताना हे उलट्या क्रमाने वापरायचं: पहिल्यांदा त्याच्या ढिगावर दोन ढीग, मग एक, मग एक. "वर" म्हणजे कॅट पालथा धरल्यावर वर. सुलटे ढीग उचलताना इथेच घोळ होतो.

काटलं_की_वाटलं: गणित सुरेख, पण तीनदा सत्तावीस पत्ते वाटताना माणसं जांभया देतात. शिकवायला ठेवा, दाखवायला नको. आणि जाणकारांचा इतका धसका घेऊ नका. १९२२ मध्ये शिकागोत पत्त्यांचा जादूगार डाय व्हर्नननं नावाजलेल्या जादूगार हुडिनीला एकच खेळ पुन्हा पुन्हा दाखवला, तरी त्याला उलगडा झाला नाही.

किलवर_गुलाम: ठरलं, गिलब्रेथ दाखवतो आणि सत्तावीसचा फळ्यावर समजावतो.

बदाम_सत्ती: जोकर आधीच काढून ठेवा. एक जरी आत राहिला तर त्याच्या खालच्या सगळ्या जोड्या सरकतील.