गुस्ताव अडॉल्फसच्या जर्मनीतील मोहिमा: धर्मासाठी की राज्यासाठी?

खानापूरकर
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या इतिहास बैठकीत या वेळी स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फस आणि तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८, मुख्यतः जर्मनीतील कॅथलिक सम्राट आणि प्रॉटेस्टंट राजे यांच्यातले) हा विषय माझ्याकडे आला आहे. शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला त्याच १६३० साली, जुलै महिन्यात, हा राजा बाल्टिक समुद्र ओलांडून जर्मनीत उतरला. तो प्रॉटेस्टंट पंथाच्या रक्षणासाठी आला असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. मात्र त्याला पैसा पुरवला तो कॅथलिक फ्रान्सने. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा? आणि जेमतेम तेरा-चौदा हजार सैनिकांनिशी उतरलेला राजा दोन वर्षांच्या आत दक्षिणेकडील कॅथलिक बव्हेरियाची राजधानी म्युनिकपर्यंत कसा पोहोचला? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहापूरकर
खानापूरकर, या राजाच्या बाबतीत पंथ आणि गादी वेगळी काढताच येत नाहीत. पोलंडचा कॅथलिक राजा सिगिस्मुंड हा त्याचा सख्खा चुलत भाऊ. एके काळी स्वीडनची गादी त्याच्याकडेच होती आणि तिच्यावरचा हक्क त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. म्हणजे कॅथलिक पक्षाची सरशी झाली असती, तर गुस्तावची उपासनाही धोक्यात आली असती आणि मुकुटही. १६२८ मध्ये जर्मनीच्या कॅथलिक सम्राटाचा सेनापती वालेनश्टाइन याने बाल्टिकच्या किनाऱ्यावरील श्ट्रालझुंड बंदराला वेढा घातला, तेव्हा हा धोका अगदी दाराशी आला. पुढच्याच वर्षी सम्राट दुसरा फर्डिनांड याने १५५२ नंतर प्रॉटेस्टंटांकडे गेलेल्या चर्चच्या जमिनी परत करण्याचे फर्मान काढले.

फ्रान्सचे म्हणाल, तर तिथला मुख्यमंत्री रिशल्यू याला सम्राटाच्या हाब्सबुर्ग घराण्याचे बळ कमी करायचे होते. जानेवारी १६३१ च्या बेरवाल्ड येथील तहाने त्याने वर्षाला चार लाख थालर (चांदीची नाणी) देऊ केले आणि जिंकलेल्या मुलखात कॅथलिक उपासनेला हात लावू नये, अशी अट घातली. राजाने ती मान्य केली.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते जर्मन प्रॉटेस्टंट राजांचे वागणे. बर्लिन ज्याची राजधानी त्या ब्रांडेनबुर्ग राज्याचा अधिपती गुस्तावच्या राणीचा सख्खा भाऊ, तरी तोही वाट द्यायला तयार होईना. या घोळात मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग हे प्रॉटेस्टंट शहर सम्राटाच्या फौजेच्या हाती पडले आणि सुमारे पंचवीस हजारांपैकी वीस हजार माणसे तलवारीला व आगीला बळी पडली. त्यानंतर करारावर मेहुण्याची सही मिळवण्यासाठी राजाला बर्लिनसमोर तोफा लावाव्या लागल्या.

माजी सुभेदार, गणेशपूर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला १७ सप्टेंबर १६३१ ची ब्राइटनफेल्डची लढाई पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. राजाचे सुमारे तेवीस हजार आणि सॅक्सनी या मित्र जर्मन राज्याचे सोळा-सतरा हजार सैनिक एका बाजूला, तर समोर टिली हा सम्राटाच्या बाजूचा, सत्तरी ओलांडलेला कसलेला सेनापती. सॅक्सन फळी पहिल्याच धडकेत मोडून पळाली आणि स्वीडिश सैन्याची डावी बगल पूर्ण उघडी पडली. अशा वेळी बहुतेक सैन्यांनी पाय काढला असता. पण त्या बगलेवरच्या होर्न या सेनानीने आपली तुकडी जागच्या जागी वळवली, मागच्या फळीतून कुमक घेतली आणि टिलीच्या पायदळाचे दाट चौकोन नीट रचले जाण्याआधीच त्यांच्यावर हल्ला चढवला. दुसऱ्या बगलेवर टिलीचा सरदार पाप्पेनहाइम याच्या घोडदळाचे हल्ले परतवले गेले, कारण स्वीडिश स्वारांच्या मधोमध बंदूकधारी उभे केलेले होते. पायदळासोबत चालणाऱ्या तीन पौंडी हलक्या तोफा एका घोड्याने किंवा काही माणसांनी ओढता येत. शेवटी टिलीच्याच तोफा हस्तगत करून त्याच्याच सैन्यावर फिरवल्या गेल्या. माझ्या मते ही किमया शस्त्रांपेक्षा कवायतीची आहे.

निपाणीकर
सुभेदार साहेबांचे म्हणणे पटते. त्यात पोटाचा प्रश्न जोडतो. स्वीडनसारख्या गरीब आणि विरळ वस्तीच्या देशाला एवढी फौज पोसणे अशक्य होते. म्हणून युद्धाचा खर्च जर्मन शहरांकडून आणि खेड्यांकडून खंडणीरूपाने वसूल केला जाई. आपल्याकडे मराठी फौजा चौथाई परमुलखातून घेत, तसाच हा व्यवहार. मात्र अशा फौजेला एका जागी फार काळ थांबता येत नाही. माइन नदीचे समृद्ध खोरे, मग लेख नदी ओलांडून बव्हेरिया, ही वाट रसदीनेही आखली होती. एप्रिल १६३२ मध्ये लेखच्या काठी टिली जबर जखमी झाला आणि महिन्याच्या अखेरीस वारला. मे महिन्यात राजा म्युनिकमध्ये शिरला. पण त्याच उन्हाळ्यात न्युर्नबर्गपाशी वालेनश्टाइनने लढाई टाळून नुसता तळ ठोकला, तेव्हा दोन्ही छावण्यांत उपासमार आणि रोगराईने माणसे मेली. तटबंदीवरचा हल्ला फसला आणि राजाला हटावे लागले.

१६ नोव्हेंबर १६३२ रोजी ल्युट्झेनच्या धुक्यात तो शत्रूच्या स्वारांत सापडून मारला गेला. १६२७ मध्ये पोलंडच्या मोहिमेत लागलेल्या गोळीमुळे त्याला लोखंडी चिलखत सोसत नसे, म्हणून अंगावर केवळ एल्क या मोठ्या हरणाच्या कातड्याचा कोट होता. तो आजही स्टॉकहोममध्ये पाहायला मिळतो. लढाई त्याच्या सैन्याने जिंकली.

याची दुसरी बाजूही बैठकीत अवश्य सांगावी. उत्तर स्वीडनमधील बिग्देओ या एका परगण्यातून १६२१ ते १६३९ या काळात २३० तरुण युद्धावर गेले आणि त्यांतले २१५ परदेशात मेले. राजाच्या कीर्तीचे वर्णन करताना हे आकडे गाळणे मला योग्य वाटत नाही.

खानापूरकर
तिघांचेही मनापासून आभार. ओडर, एल्ब, माइन आणि लेख या नद्यांचा मोठा नकाशा भिंतीवर लावून मोहीम त्यावरच समजावून सांगेन, आणि बिग्देओची हकीकत ब्राइटनफेल्डच्या लगेच नंतर घेईन.