मुरमाड, चुनखडीच्या जागेत बाग करायची आहे, पाखरंही यायला हवीत

अंगणवेल
अंबाजोगाईजवळच्या नवीन लेआउटमध्ये राहायला आलो आहोत. घराभोवती साधारण एक गुंठा मोकळी जागा आहे. वर चार-सहा इंच मातीमिश्रित मुरूम, खाली पहार मारली तर खणखणतो. बांधकामाचा राडारोडा मागच्या कोपऱ्यात तसाच पडलेला आहे. मातीच्या ढेकळावर लिंबू पिळलं तर फेस येतो. बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. मला शोभेचं लॉन नको. फुलपाखरं, चिमण्या, बुलबुल, शिंजीर यावेत एवढंच. दोन ट्रॉली काळी माती टाकून मृगात झाडं लावावीत असा विचार आहे. आता एप्रिल चालू आहे. काय करावं?

काळीभोर
ताई, ट्रॉली मागवायच्या आधी दोन कामं करा.

पहिलं, राडारोडा पूर्ण उचलून बाहेर काढा, मातीत गाडू नका. सिमेंट आणि चुन्यामुळे माती आणखी विम्ल (अल्कधर्मी) होते. फेस आला म्हणजे तुमच्या मातीत मोकळा चुना आधीच भरपूर आहे. मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे कळले की पुरे.

दुसरं, पाणी मुरतं का ते पाहा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा एक खड्डा घ्या, त्यात दोन-तीन बादल्या ओता. मुरलं की पुन्हा तेवढंच ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्याहून जास्त पाणी तसंच असेल तर त्या खड्ड्याचा तळ बंद आहे. अशा खड्ड्यात काळी माती भरली की तो हौद होतो. श्रावणात मुळं कुजतात, झाड पिवळं पडतं, आणि पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पाणी घालतो. तळ पहारीने हातभर फोडून घ्या. तरीही पाणी मुरलं नाही तर खड्डा सोडा आणि जमिनीवर फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा.

या मापाच्या खड्ड्यात सुमारे २२५ लिटर माल बसतो, म्हणजे वीसेक घमेली. त्यातली दहा घमेली तिथलाच मुरूम मोठे दगड वेचून घ्या, सहा काळी माती आणि चार पूर्ण कुजलेलं शेणखत. वरून पाव किलो निंबोळी पेंड. नुसती काळी माती भरली तर मुळं त्या मऊ गोळ्यातच फिरत राहतात, मुरमात शिरत नाहीत. ताजं शेण तर अजिबात नको, मुळं खाणारी हुमणी अळी आणि वाळवी दोन्ही येतात. खड्डे मे महिन्यात घ्या, पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या आणि मृगाच्या आत भरून ठेवा. झाडं मात्र मृगाच्या पहिल्या सरीवर नको, आर्द्रात जमीन वीतभर ओली झाल्यावर लावा. पहिल्या सरीनंतर उघडीप पडली की रोप तिथेच वाळतं.

मधल्या मोकळ्या जागेत हिरवळीच्या खतासाठी ताग फेका. गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो बी. पंचेचाळीस दिवसांनी फुलकळी दिसताच कापून तिथेच अंथरा. उशीर झाला की दांडे लाकडासारखे होतात आणि कुजायला खूप वेळ घेतात. रोपांभोवती दोन फुटांचं आळं मोकळं ठेवा, नाहीतर ताग पुरुषभर वाढून रोपं झाकून टाकतो.

धुऱ्यावरचा
तलावाचा गाळ मिळत असेल तर काळ्या मातीऐवजी तोच घ्या. हिशोब सोपा आहे: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, ४०० चौरस फुटांवर तीन इंच थर. चुनखडीसाठी थोडं जिप्समही टाका.

काळीभोर
गाळ चांगला, पण मुरमावर नुसता थर देऊन सोडू नका. उन्हाळ्यात थराला भेगा पडतात आणि खालचा मुरूम कोरडाच राहतो. टिकावाने वरच्या मुरमात कालवूनच घ्या. जिप्समबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: ते चोपण जमिनीसाठी, जिथे सोडियम जास्त असतं. चुनखडीत कॅल्शियम आधीच जास्त आहे. पैसे वाया जातील, फरक पडणार नाही.

रानवाटा
पाखरांबद्दल लिहितो. फुलपाखरू फुलाला भुलून येतं, पण राहतं ते अळीच्या पानासाठी. ते झाड नसेल तर मध पिऊन निघून जातं. तुमच्या जागेसाठी:

रुई: प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या हिची पानं खातात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर कडेला लावा. तरवड आणि बहावा: पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांसाठी. तरवडाला मुरूमच आवडतो, खत नको. कढीपत्ता आणि बेल: लिंबावर येणाऱ्या फुलपाखरांसाठी. लिंबू स्वतः चुनखडीत पिवळं पडतं, म्हणून हीच दोन बरी.

शिंजिरांसाठी अडुळसा आणि मुरुडशेंग. कुंपणाला बोर, म्हणजे बुलबुल आणि सातभाईंना काटेरी आडोसा मिळतो. एका कोपऱ्यात पवना, मारवेल असं गवत बी धरेपर्यंत उभं राहू द्या, मुनिया बियांसाठीच येतात. माघात कापून टाका, पुढे वाळलेलं गवत पेटायची भीती असते. तीन बाय तीन फुटांचा एक तुकडा उघडाच ठेवा, त्यावर आच्छादन नको. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या अशा उघड्या जमिनीत बीळ करतात.

घाणेरी लावू नका. फुलपाखरं येतात हे खरं, पण बिया पाखरं रानात नेतात आणि ती गुरांना विषारी आहे. आणि औषध फवारू नका. मुळातून झाडभर चढणारं कीटकनाशक मधातही उतरतं. कढीपत्त्याची चार पानं अळीने खाल्ली तर खाऊ द्या.

पाण्यासाठी पसरट मातीचं भांडं, दोन इंच पाणी, मध्ये एक दगड. रोज बदला आणि काथ्याने घासा, साबण नको. आठवडा तसंच राहिलं तर डास होतात. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवा.

अंगणवेल
खूप उपयोगी. मागचे दगड रचून सरड्यांसाठी ढीग केला तर? आणि उन्हाळ्यात हेच जड पाणी द्यायचं का?

रानवाटा
ढीग करा, पण घरापासून जागा देईल तितका लांब, कुंपणालगत. तिथे धान्य किंवा उष्टं पडू देऊ नका. उंदीर आले की त्यांच्यामागे नाग, घोणस येतात. दगडात हात घालू नका, काठीने हलवा.

काळीभोर
बोअरचं पाणी चालेल, आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी दाट असतात. रोपाशेजारी पाच लिटरचं भाजलेलं पण बिनझिलईचं, पाणी झिरपणारं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा. जड पाण्याने छिद्रं बुजतात, म्हणून दर पावसाळ्यात काढून लिंबाने घासा. स्लॅबचं पाणी साठवता आलं तर उत्तम: हजार चौरस फुटांवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे ९०० लिटरच्या वर. पहिल्या सरीचं पाणी धूळ असल्याने सोडून द्या.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाही असं समजा. फेरस सल्फेट मातीत टाकू नका, चुन्यात ते लगेच अडकतं. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. तरवड आणि बोरीला याची गरज सहसा पडत नाही.